टर्बोवाल्या इंजिनाला कुठलं हेड? आधी आहे ते मोजा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला टर्बो गाड्यांवरचा लेख वाचला. लेख झकास होता, फोटो तर एक नंबर, पण त्यात खाली कोपऱ्यात एक चौकट होती बघा, की बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जास्तीचा दाब) वाढवायचा असेल तर सगळ्यात आधी आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं, सिलिंडर हेड (इंजिनाच्या ब्लॉकवरचं, व्हॉल्व बसवलेलं झाकण) घ्या, तिने आमच्या इकडे चांगलाच घोळ घातलाय. वागळे इस्टेटमध्ये आमचं हेडच्या कामाचं दुकान आहे, सीट कटिंग, गाईड बदलणं, फेसिंग, प्रेशर टेस्टिंग हेच दिवसभर चालतं, आणि त्या रविवारपासून घोडबंदर रोडची, कळव्याची, पार ऐरोली-रबाळ्याची पोरं मोबाईलवर त्या चौकटीचा फोटो दाखवत येतायत की काका, स्टॉक, म्हणजे कंपनीचं, हेड काढून टाकायचंय, कुठलं घेऊ ते सांगा. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं तुम्हालाच लिहावं, छापलंत तर माझा घसा तरी वाचेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोज रस्त्यावर चालणाऱ्या आणि बूस्ट थोडाफार वाढवलेल्या गाडीला कंपनीचं हेडच बरं. अट एकच, ते हेड धड असलं पाहिजे आणि धड आहे हे कुणीतरी मोजून बघितलेलं असलं पाहिजे. खिशात पैसे असतीलच तर ते हेड ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या वस्तूंवर आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्ववर घाला, नवीन हेडचा विचार त्याच्या बराच नंतर.

पोरांचा पहिला मुद्दा असतो हवेचा. हे हेड जास्त फ्लो करतं काका. बरोबर आहे, फ्लोला किंमत आहेच, मी नाही म्हणत नाही. साध्या इंजिनात हवा आत ढकलायला फक्त बाहेरच्या वातावरणाचा एक बार दाब असतो, म्हणून पोर्टचा (हेडमधल्या हवेच्या वाटेचा) आकार, वळण, व्हॉल्वचा घेर यावर सगळा खेळ. टर्बो बसवला की ढकलणारा तगडा येतो, मग लोक म्हणतात आता हेड कसलंही चालेल. तसंही नाहीये. हेड दहा टक्के जास्त हवा सोडत असेल तर बूस्टमध्येसुद्धा साधारण त्याच प्रमाणात फायदा मिळतो, आणि मुख्य म्हणजे तेवढीच ताकद कमी बूस्टवर मिळते. बूस्टचा काटा काय दाखवतो, तर टर्बोने ढकललेली पण पुढे न सरकलेली, मॅनिफोल्डमध्ये (हेडच्या आधीच्या हवेच्या नळीत) तुंबलेली हवा. काटा वर गेला म्हणजे ताकद वाढली असं धरून चालणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्या.

आता हिशोबच करू. एप्रिल-मे मध्ये ठाण्यात दुपारी ३५ अंश धरा. एक बार बूस्ट म्हणजे हवा दुप्पट दाबली, आणि कॉम्प्रेसर सत्तर टक्के कार्यक्षम धरला तर टर्बोमधून बाहेर पडताना ती हवा १३० अंशांच्या आसपास असते. तीच ताकद चांगल्या हेडमुळे ०.७ बारवर मिळाली तर हवा १०७ च्या जवळपास. म्हणजे इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधीच पंचवीसेक अंशांचा फरक, आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याच्या) बाबतीत हा फरक लहान नाही. तेव्हा चांगल्या हेडचा खरा फायदा थंड हवेचा आहे, ही गोष्ट चौकटीत कुठेच नव्हती. पण हा फायदा कधी, तर हेड खरोखर एवढं चांगलं असेल तेव्हा. आणि पुढचा टर्बोचा टर्बाइन (धुराच्या जोरावर फिरणारा पंखा), डाऊनपाईप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे सगळं त्या जास्तीच्या हवेला वाट देत असेल तेव्हा. घोडबंदर रोडवर कापूरबावडीला तुम्ही कितीही लेन वाढवा, गायमुखच्या घाटात ट्रक अडकला की सगळं मागे माजिवड्यापर्यंत तुंबणारच, तसंच आहे हे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत घाट हेडमध्ये नसतोच, तो टर्बाइनच्या बारक्या हाउसिंगमध्ये नाहीतर कंपनीच्या चिमूटभर इंटरकूलरमध्ये असतो.

बरं, हवा सोडा. बूस्ट वाढवल्यावर हेडला सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो ते बघू, कारण माझ्याकडे जी हेडं येतात ती हवा कमी पडली म्हणून येत नाहीत, उचलली गेली म्हणून येतात. मारुतीचं जुनं जी-१३ घ्या, एस्टीम आणि जिप्सीवालं, १२९८ सीसीचं, आपल्याकडे अजून बरीच पोरं त्याच्यावर प्रयोग करतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचं क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटीमीटर. फुल थ्रॉटलला साध्या पेट्रोल इंजिनात जळतानाचा कमाल दाब ७० बारच्या आसपास धरला तर एका सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारा जोर होतो तीन टन. टर्बो लावून तोच दाब १०० बारला नेला की झाले जवळजवळ साडेचार टन. आणि हे सगळं नीट जळतंय तेव्हाचं, डिटोनेशन, म्हणजे तेच नॉकिंग, झालं की दाबाचा जो फटका बसतो तो याच्या कितीतरी वर. हा जोर अडवून कोण धरतं, तर प्रत्येक सिलिंडरभोवतीचे चार बोल्ट, तेही शेजारच्या सिलिंडरशी वाटून घेतलेले. हेड तुम्ही परदेशातून मागवलं काय आणि कंपनीचं ठेवलं काय, बोल्ट जर जुनेच, एकदा ताणून झालेले परत लावले तर गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) उडणारच. आजकालच्या बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात, एकदा वापरले की नवेच घ्यायचे असतात, आणि तरी "अजून चांगले दिसतायत की" म्हणून परत लावणारे मिस्त्री मी रोज बघतो. त्या जागी चांगल्या पोलादाचे स्टड (बोल्टऐवजी लावायचे आटेवाले दांडे), मल्टिलेयर स्टीलचं गॅस्केट आणि कॅलिब्रेट केलेला टॉर्क रेंच एवढं जरी केलं तरी अर्धी लढाई तिथेच जिंकली.

आणि ते स्टीलचं गॅस्केट बसवायचं तर फेस, म्हणजे हेडचा ब्लॉकवर टेकणारा तळ, गुळगुळीत लागतो. जुन्या जाड गॅस्केटला जरा खरखरीत फेस चालायचा, याला नाही चालत, सुमारे एक मायक्रॉनचा फिनिश लागतो. कारण सांगतो. ब्लॉक बिडाचा आणि हेड अल्युमिनियमचं असेल, आपल्या १.३ मल्टिजेट डिझेलमध्ये तसंच होतं, तर अल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. साधारण ४०० मिमी लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं की ते ब्लॉकपेक्षा तिसऱ्या हिश्श्याएवढा मिलिमीटर जास्त लांब होतं, आणि थंड झालं की परत आत. हे रोज, प्रत्येक वेळी गाडी गरम झाली की. गॅस्केटला त्या दोघांच्या मधे सरकत राहून दाब धरायचा असतो, फेसवर ओरखडे असले की ते त्याचा कोट खरवडून काढतात.

आता व्हॉल्व. हा भाग पोरं हमखास विसरतात. बंद असलेल्या इनटेक व्हॉल्वच्या पाठीवर बूस्टचा दाब असतो. व्हॉल्वचं डोकं ३० मिमीचं धरा आणि बूस्ट एक बार, तर सुमारे सात किलोचा जोर त्या व्हॉल्वला उघडायला बघतोय, आणि तो जोर थेट स्प्रिंगच्या ताकदीतून वजा. एक्झॉस्टच्या बाजूला तर टर्बाइनच्या आधीचा दाब बऱ्याचदा बूस्टपेक्षाही जास्त असतो. वरच्या आरपीएमला गाडी फुटक्या आवाजात अडखळते आणि पोरगा म्हणतो काका रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं नवं सेटिंग) चुकलाय, रिमॅपवाला म्हणतो इग्निशन कॉइल गेली, आणि असते ती थकलेली स्प्रिंग. स्प्रिंग किती किलोला किती दबते हे टेस्टरवर बघायला मिनिटभर लागत नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्वची गोष्ट तर वेगळीच. त्याच्यातली बहुतेक उष्णता सीटवाटे (व्हॉल्व बंद होताना टेकतो त्या कड्यावाटे) हेडमध्ये जाते, म्हणून टर्बोच्या इंजिनात एक्झॉस्टची सीट जरा रुंद ठेवायची असते, फ्लो थोडा कमी झाला तरी बेहत्तर. शर्यतीच्या साध्या इंजिनासाठी पोर्टिंग करणारा माणूस ती सीट बारीक करून ठेवतो, फ्लो बेंचवर आकडा मस्त दिसतो, आणि बूस्टमध्ये व्हॉल्वची कड जळते. चांगले आफ्टरमार्केट व्हॉल्व, इनकोनेलचे किंवा आत सोडियम भरलेले, इथे खरंच कामाचे आहेत. त्यासाठी हेड बदलायची गरज नाही, तुमच्याच हेडमध्ये ते बसतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. तुमच्या चौकटीतलं आफ्टरमार्केट हेड आणि कुर्ल्याला किंवा ऑपेरा हाऊसला दुकानात आफ्टरमार्केट म्हणून जे खोकं मिळतं ते, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमेरिकेत शेव्हीच्या व्ही-८ साठी जे हेड विकतात त्यात पोर्ट नव्याने आखलेले असतात, डेक (फेसच्या मागची भिंत) जाड असतो, चेंबर (मिश्रण जळतं ती पोकळी) मशीनवर कोरलेला असतो, व्हॉल्व किती उघडला की किती फ्लो याचा तक्ता सोबत मिळतो. आपल्याकडे जे मिळतं ते बहुतेक वेळा बदलीचं हेड असतं, म्हणजे तुमचं तडकलं म्हणून त्याच्यासारखंच दुसरं ओतलेलं, स्वस्तात. त्याच्याने ताकद वाढणार नाही, कारण ते ताकदीसाठी बनवलेलंच नाही. त्यातले काही चांगले असतात, काही कंपनीच्या तोडीस तोड, आणि काही असे की बघून वाईट वाटतं.

मागे एका पोराने असंच नवं कोरं हेड आणलं होतं, कुठल्या दुकानातून ते लिहीत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, फेस आरशासारखा. म्हटलं बसवण्याआधी डाय टेस्ट करू. फेसवर आणि चेंबरमध्ये लाल डाय मारला, दहा-पंधरा मिनिटं मुरू दिला, पुसून कोरडं केलं आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारला. दोन एक्झॉस्ट सीटच्या मधल्या जागेत पांढऱ्यावर हळूहळू लाल ठिपके उमटायला लागले, मोहरीएवढे, एकाला एक लागून. ओतकामातली भोकं, मशीनिंगने उघडी पडलेली. साध्या इंजिनात ते हेड कदाचित वर्षभर चाललंही असतं. बूस्टमध्ये त्या ठिपक्यांची रेघ व्हायला घाटातले दोन-चार चढ पुरे. पोराचं तोंड उतरलं. त्याचं जुनं कंपनीचं हेड त्याने भंगारात दिलं होतं का तर नशिबाने नाही, मागे डिकीतच पडलं होतं, आणि ते वाकलेलंही नव्हतं.

दुसरी भानगड कडकपणाची. हेडचं अल्युमिनियम ओतल्यावर तापवून, विझवून, परत मंद आचेवर ठेवून कडक केलेलं असतं. स्वस्त मालात हे काम उरकून टाकलेलं असतं, मग स्टड आवळला की वॉशरखालची जागा दबते, दोन महिन्यांत टॉर्क ढिला. आणि हे कंपनीच्या हेडलाही लागू आहे बरं का, एकदा पाणी संपून गाडी तापलेली असेल तर तोच कडकपणा उतरलेला असू शकतो. म्हणून जुनं हेडसुद्धा डोळे मिटून लावायचं नाही. पट्टी आणि फीलर गेज घेऊन लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर बघायचं, बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिमी असते. मग प्रेशर टेस्ट, गरम पाण्यात बुडवून हवा भरून, कारण थंडपणी बंद असलेली तड गरम झाल्यावर उघडते. मग हार्डनेस.

वाकलं असेल तर फेसिंग करू, म्हणजे फेस घासून सपाट करू, पण तिथेही पोरं म्हणतात घ्या ना अर्धा मिमी, कॉम्प्रेशन वाढेल तेवढंच. अरे बाबा, तुला बूस्ट चालवायचाय! त्याच ७४ मिमी बोअरच्या इंजिनात अर्धा मिमी घेतला की चेंबरमधून दोनेक सीसी जातात आणि ९ चं कॉम्प्रेशन ९.४ होतं, नॉकिंगला आमंत्रण. शिवाय कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) हेडमध्ये असल्याने तो क्रँकच्या तेवढा जवळ येतो आणि टायमिंग मागे सरकतं. डेक पातळ होतो तो वेगळाच. टर्बोच्या हेडवरून लागेल तेवढंच काढायचं, हौसेखातर एक शंभरांशही नाही. चेंबरमधल्या टोकदार कडा मात्र जरूर घासून घ्याव्यात, त्या लाल होऊन स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतात.

मग आफ्टरमार्केट कधी घ्यायचं? घ्यायचं ना. कंपनीचं हेड तडकलंय आणि नवीन मिळत नाही, तेव्हा खात्रीच्या ठिकाणचं बदलीचं हेड घ्या, तपासून. फक्त ट्रॅकची गाडी आहे, आरपीएम कंपनीच्या खूप वर न्यायचेत, तेव्हा खरं परफॉर्मन्स हेड घ्या. किंवा कंपनीचं डिझाइनच अडवतंय तेव्हा, आणि त्यातही आधी त्याच घराण्यात बघा, जी-१३ मध्येच ८ व्हॉल्ववालंही हेड होतं आणि १६ व्हॉल्ववालंही, कंपनीचंच ओतकाम, कंपनीचाच दर्जा, फक्त पिस्टनवरचे व्हॉल्वचे खड्डे जुळतात का ते आधी मातीचा गोळा ठेवून बघायचं. परदेशाचं उदाहरण हवं असेल तर टोयोटाच्या सुप्रातलं २जेझेड बघा, जपानात कंपनीने २८० पीएस सांगितलेलं इंजिन, लोक त्याच्या दुप्पट ताकद कंपनीच्याच हेडवर काढतात, स्प्रिंग, कॅम, स्टड बदलून. अमेरिकेतसुद्धा, जिथे हेडची एवढी मोठी बाजारपेठ आहे, तिथे भंगारातल्या पिकअपचं ५.३ लिटरचं व्ही-८ आणून स्टॉक हेडवर टर्बो लावणारे ढिगाने आहेत.

आणि नवीन गाड्यांत तर हा प्रश्नच बाद होत चाललाय. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारा नळ) हेडमध्येच ओतलेला आहे, पाण्याच्या जॅकेटसकट, टर्बो थेट हेडला लागतो. त्याला कुठलं आफ्टरमार्केट हेड शोधणार? नवी मुंबईतला एक मुलगा, सीवूड्सचा, त्याच गाडीसाठी विचारत होता, त्याला म्हटलं बाळा तुझा कूलंट कधी बदललास ते सांग आधी, तर म्हणे कूलंट बदलतात का.

अजून एक, हे तुमच्या लेखात यायला हवं होतं असं मला वाटतं. मूळ गाडीत टर्बो नसताना तो बसवणं, परवानगीशिवाय दुसरंच इंजिन टाकणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनी क्लेमच्या वेळी काय करेल ते वेगळं सांगायला नको. तडकलेल्या हेडच्या जागी तसंच दुसरं टाकणं ही दुरुस्ती झाली, तिला कोणी हरकत घेत नाही. बाकीचे प्रयोग ट्रॅकवर, आणि ट्रॅक म्हणजे कोईंबतूर, चेन्नई, ग्रेटर नोएडा, नवी मुंबईचा पाम बीच रोड त्या यादीत नाही.

शेवटी दुकानात येणाऱ्यांसाठी एक सूचना, चौकटीत छापलीत तर उपकार होतील. हेड तपासायला आणाल तेव्हा जुनं गॅस्केट आणि सगळे बोल्ट सोबत आणा, धुऊन-पुसून चकाचक करून आणू नका. दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीत गॅस्केट जळलेलं असेल तर गोष्ट क्लॅम्पिंगची किंवा डिटोनेशनची आहे. पाण्याच्या भोकाभोवती गंजून खाल्लेलं असेल तर नळाचं पाणी भरून गाडी चालवलेली आहे. फायर रिंग (गॅस्केटमधली सिलिंडरभोवतीची कडी) एकाच बाजूला बाहेर ढकलली असेल तर त्या बाजूचा बोल्ट काढून बघावा लागतो, बऱ्याचदा भोकात तेल साचून राहिल्यामुळे तो पुरता आवळला जाण्याआधीच टॉर्क दाखवून मोकळा झालेला असतो.

आपला,
एक वाचक
वागळे इस्टेट, ठाणे (प.)